टेबलावरचा दुसरा टेपरेकॉर्डर
(मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान : काल, आज आणि उद्या’ असा विषय दिला आहे. उद्याचं मला एवढंच ठाऊक आहे की तीन मिक्सर आणि एक टेबलफॅन संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांना द्यायचे आहेत. तेव्हा ‘उद्या’ हा भाग इथेच संपला.

आपल्या वर्गातले दोघं डॉक्टर झाले, काही जण इंजिनिअर झाले, एकजण तर अमेरिकेत कुठल्याशा मोठ्या कंपनीत आहे. मी बाजारपेठेत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. म्हणजे तुम्ही सगळे नवीन वस्तू घेता आणि जुनी माझ्याकडे आणून विचारता, “हिचं काही होईल का रे?” या एका प्रश्नावर माझं घर चाललं आहे.

आता काल. चिपळूणच्या मुलांना यंत्रं कळायची ती गणपतीत. मुंबईचे चाकरमानी एसटीतून उतरायचे तेव्हा एका हातात मिठाईचा पुडा आणि दुसऱ्या हातात टू-इन-वन. आखातात गेलेल्या घरचा टू-इन-वन त्याहून मोठा, दोन स्पीकरचा, दिवे लुकलुकणारा. तो ओटीवर ठेवला की त्या घराची आरती आपोआप लांबायची. आधी आरत्या, मग शक्ती-तुऱ्याच्या कॅसेटी, आणि म्हातारी माणसं झोपली की सिनेमाची गाणी.

ही कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली बाजारात आणली. म्हणजे ती आपल्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, थोरल्या ताईसारखी. रिळाची रुंदी चार मिलिमीटरसुद्धा नाही, ३.८१. डोक्यासमोरून ते सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकतं. साठ मिनिटांच्या कॅसेटीत सुमारे नव्वद मीटर रीळ असतं आणि एक बाजू संपायला अर्धा तास लागतो. नव्वद मीटरला अर्धा तास! पीटीच्या तासाला आपल्यातले काही जण याच वेगाने धावायचे. नावं घेत नाही, पहिल्या रांगेत बसलेत.

कॅसेटीच्या पाठीला दोन कोपऱ्यांत दोन इवल्या खुंट्या असायच्या, आठवतंय? खुंटी मोडली की त्या बाजूवर रेकॉर्डिंग होत नाही. विकतच्या गाण्यांच्या कॅसेटीला खुंट्या नसायच्याच, कुणी पुसू नये म्हणून. यावर आपण काय इलाज काढला? भोकात कागदाचा बोळा कोंबला, वर चिकटपट्टी लावली, की झाली कोरी कॅसेट. या जिल्ह्यात किती आज्यांचे अभंग अशा रीतीने मिथुनच्या डिस्कोखाली गाडले गेले याची मोजदाद नाही. मी बोळे काढून बरणीत ठेवायचो. एक बोळा उलगडला तर आपल्याच शाळेच्या सहामाहीची प्रश्नपत्रिका निघाली. बीजगणित.

गाणी भरून देणारी दुकानंही होती. वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात यादी करून द्यायची, चार दिवसांनी कॅसेट मिळायची. परीक्षेत कधी न आलेलं अक्षर त्या यादीत यायचं. एका बाजूला अर्धाच तास, त्यामुळे पाच गाणी घालायची की सहा, यावर मित्रांत भांडणं व्हायची आणि सहावं हमखास दुसऱ्या कडव्यात तुटायचं. आजही ते गाणं कुठे लागलं की त्या जागेवर माझा हात कॅसेट उलटायला जातो.

टीव्हीबद्दल सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात आवरतो. बांबूवर अँटेना, अँटेनावर कावळा, पडद्यावर मुंग्या आणि गच्चीवरून “आलं का? आता आलं का?” २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी, वीज जायची नेमकी तेव्हा. पण आपले बरेचसे छोटे ब्लॅक अँड व्हाइट सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालायचे, हे रिक्षावाल्यांना आणि ट्रकवाल्यांना सगळ्यात आधी कळलं. एका वाडीत रविवारी सकाळी ट्रक ओटीला लागून उभा असायचा. बॅटरीची वायर खिडकीतून आत, आत सत्तर माणसं आणि सेटला हार. २८ मार्च २०२० पासून लॉकडाऊनमध्ये तेच ‘रामायण’ दूरदर्शनने पुन्हा दाखवलं. मी हात जोडून बसलो. शेजारी मुलगा. बाण सुटला, समोरूनही सुटला, दोन्ही बाण एकमेकांकडे निघाले. मुलगा म्हणाला, “बाबा, हे दीडपट वेगाने नाही का बघता येत?” मी म्हटलं, “अरे, हे बाण तेहतीस वर्षांपूर्वी सुटलेत, आणखी दोन मिनिटं थांब.”

आता ‘आज’. आज माझ्याकडे कानात घालायची बिनवायरची बोंडं येतात. त्यांना स्क्रू नसतो. चिकटवून बंद केलेली असतात आणि उघडायची म्हणजे फोडायची. आतली बॅटरी संपली की बोंड गेलं. गिऱ्हाईक विचारतं, “दुरुस्त होईल का?” मी म्हणतो, “होईल, नवीन घेतलंत तर.” सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं एक पोर्टल काढलं. चांगली गोष्ट आहे. पण हक्क मिळाला तरी मला आधी स्क्रू मिळायला हवा.

मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला नाही, हेही सांगून ठेवतो. जुन्या वस्तूंचा मी वैद्य आहे, मला त्यांची सगळी दुखणी माहीत आहेत. टेप रीळ खायचा. पट्टा सैल झाला की लताबाई पुरुषी आवाजात गायच्या. पावसाळ्यात रिळावर पांढरी बुरशी धरायची, कोकणात आजही धरते. मोबाइलवर गाणं ऐकणं हजारपट सोयीचं आहे. मीसुद्धा दुकानात मोबाइलवरच ऐकतो. समोर बारा टेप दुरुस्त करून ठेवलेले असतात, त्यांना काय वाटत असेल कोण जाणे.

पण २२ जुलै २०२१ नंतर मला एक वेगळी गोष्ट कळली. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. माझ्या दुकानाचा फक्त पंखा कोरडा होता. पाणी उतरलं, चिखल काढला, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी गिऱ्हाईक यायला लागलं. मला वाटलं फ्रीज येतील, टीव्ही येतील. ते आलेच. पण त्यांच्याबरोबर पिशव्यांतून कॅसेटी आल्या. चिखलाने भरलेल्या. वीस वर्षं ज्यांना कुणी हात लावला नव्हता, त्या माळ्यावरच्या, ट्रंकेतल्या कॅसेटी. घर वाहून गेलेली माणसं आधी कॅसेट घेऊन आली.

एक काकी आल्या. त्यांचे यजमान कुवेतला होते. तेव्हा फोन महाग, पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून कॅसेटीत बोलून ती गावी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवायचे. इथून काकी तिच्यावरच उत्तर भरून परत पाठवायच्या. नवीन कॅसेट कशाला, असा हिशेब. त्यामुळे दहा वर्षांच्या बोलण्यातलं शेवटचं तेवढं शिल्लक. यजमान आता नाहीत. काकींनी विचारलं, “बाबा, पाण्याने पुसलं असेल का रे?”

पाण्याने पुसत नाही. रिळावर लोखंडाच्या गंजाची बारीक भुकटी असते, आवाज तिच्यात चुंबकाने धरलेला असतो. पाणी त्याला काही करत नाही. मारतो तो चिखल, कारण कण हेडमध्ये अडकून रीळ खरवडतो. मारतं ते ऊन, कारण रीळ आखडतं. आणि सगळ्यात जास्त मारते ती आपली घाई, ओली कॅसेट तशीच टेपमध्ये घालून बटण दाबायची. मी त्या कॅसेटी उघडल्या, रीळ स्वच्छ पाण्यातून काढलं, सावलीत वाळवलं आणि दुसऱ्या खोक्यात भरलं. काकींची कॅसेट वाजली. त्यात यजमान चौदा मिनिटं फक्त कौलं बदलायची की पत्रा घालायचा याबद्दल बोलतात. काकींनी ती दुकानात उभ्याने पूर्ण ऐकली आणि म्हणाल्या, “पत्रा नकोच म्हटलं होतं मी.”

त्याच आठवड्यात पुरात बुडालेले मोबाइलही आले. त्यातले फोटो मला काढता आले नाहीत. काहींचे कुठेतरी दुसरीकडे साठवलेले होते, पण पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता.

आता ज्यासाठी मी खरं तर हा माईक मागून घेतला, ते सांगतो.

त्या पुरानंतरच्या ढिगात एक कॅसेट आपल्या वर्गातल्या एका मित्राच्या घरची होती. वर निळ्या पेनने लिहिलेलं, ‘निरोप समारंभ, दहावी, फेब्रु. ८८’. आपलाच. आतली लोकराची बारीक गादी, जी रिळाला हेडवर टेकवते, ती डिंक सुकून गळून पडली होती. खोकं स्क्रूचं नव्हतं, चिकटवलेलं होतं, ते कापावं लागलं. तीन संध्याकाळी गेल्या.

पहिल्या बाजूला आधी पाच मिनिटं “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग” आहे. मग बाकं सरकवल्याचा आवाज. मग भूगोलाचे सर, “मागचे शांत बसा.” मागचे म्हणजे कोण हे त्यांना माहीत होतं आणि आपल्यालाही. मध्येच शिपाईमामांनी घंटा दिलेली ऐकू येते. ती घंटा ऐकून माझी बायको म्हणाली, “तुम्ही का उठून उभे राहिलात?”

आणि मग मुख्याध्यापक सर. सर आज आपल्यात नाहीत. त्यांचा आवाज आपल्या सगळ्यांच्या आठवणीत कडक आहे. पण कॅसेटीत तो अगदी मऊ आहे, जरा थकलेला. तेव्हा ते आपल्या आजच्या वयापेक्षा लहान होते, हे मला ऐकताना लक्षात आलं आणि जरा विचित्रच वाटलं. ते आपल्या तुकडीबद्दल बोलतात, निकालाबद्दल बोलतात, एकदा हसतातही. आणि मग म्हणतात, “आता जाता जाता तुम्हाला एकच गोष्ट सांगतो. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ही मात्र—”

खट्.

बाजू संपली. अर्धा तास झाला होता.

मी कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूला ‘कयामत से कयामत तक’. सिनेमा एप्रिल ८८ मध्ये आला, आपली परीक्षा मार्चमध्ये संपली होती, सुट्टी होती, कोरी कॅसेट नव्हती. मित्राच्या घरात हे कुणी केलं ते आजतागायत कबूल झालेलं नाही, आणि मी खोदून विचारलंही नाही, कारण त्या उन्हाळ्यात आपल्यापैकी कुणीही हेच केलं असतं. सरांचं उरलेलं भाषण आणि त्यानंतरचं संस्कृतच्या बाईंचं संपूर्ण भाषण आमिर खानच्या खाली आहे. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो, दोन गाण्यांच्या मधल्या जागेत साधारण एक सेकंद तुम्ही ऐकू येता. तुम्ही “म्हणून” असं म्हणता.

मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, सरांनी ती एक गोष्ट कोणती सांगितली होती? सोळा उत्तरं आली. “प्रामाणिक राहा.” “आईवडिलांना विसरू नका.” “कुठलंही व्यसन करू नका.” हे सांगणारा मला काल रात्री पानाच्या टपरीवर भेटला. एकीने ठामपणे सांगितलं की सर म्हणाले, गणिताच्या वह्या रद्दीत घालू नका. एकाने गुलाबाचं फूल पाठवलं. म्हणजे आपल्या साठ जणांपैकी कुणालाही ते आठवत नाही. बाईंनाही मी कालच फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, “अरे, मी तेव्हा माझं भाषण मनात जुळवत होते.”

पण आता हा फोटो बघा, स्मरणिकेतही तो छापायचा आहे. निरोप समारंभाचं व्यासपीठ. सर उभे आहेत, हार बाजूला काढून ठेवला आहे. टेबलावर पाण्याचा तांब्या आहे आणि तांब्याच्या एका बाजूला आमच्या मित्राचा काळा टेप. तांब्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे? बारकाईने बघा. दुसरा टेपरेकॉर्डर आहे. रुपेरी, दोन स्पीकरचा, हँडल उभं केलेलं. त्याचं झाकण बंद आहे, म्हणजे आत कॅसेट होती. हा कुणाचा?

दोन स्पीकरचा म्हणजे बहुधा आखातातून आलेला. आपल्या वर्गात अशी चार-पाच घरं होती. कुणाच्या मोठ्या भावाचा असेल, कुणाच्या मामाचा असेल. ती कॅसेट नव्वद मिनिटांची असेल तर सर पूर्ण सापडतील, कारण तिची एक बाजू पंचेचाळीस मिनिटं चालते.

तेव्हा घरी गेल्यावर माळा बघा, ट्रंक बघा, माहेरी सांगून ठेवा. कॅसेटीवर काहीही लिहिलेलं असो, ‘जाखडी’ असो की ‘हनुमान चालिसा’, टाकू नका, कारण वरच्या नावावर आपल्या पिढीने विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. सापडली की वाजवून बघू नका. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यात चुंबक असतो. उन्हात वाळवू नका. कागदात गुंडाळून सरळ माझ्याकडे आणा. खोकं फुटलं असलं तरी चालेल, बुरशी असली तरी चालेल, रीळ तुटलं असलं तर जोडून देईन. पैसे घेणार नाही.

दुकान सकाळी दहाला उघडतं. सोमवारी बंद असतं. सोमवारी सापडली तर घरी या.