हत्तीरोगाचा जंत अंगात लपतो कसा?



आशाताई हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन दारात आल्या, की पुष्कळ जण म्हणतात, "मले काय झालं? पाय तं चांगले हायेत." आपल्या वर्धा जिल्ह्यात हा रोग जुना आहे. पाय चांगला दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही त्याचा जंत असू शकतो, म्हणून ही दोन शब्दांची माहिती.

जंत दोऱ्यासारखा बारीक असतो. डास चावला की त्याची अळी अंगात शिरते, लसिकावाहिन्यांत मुक्काम ठोकते आणि मोठी होऊन पाच-सात वर्षं जगते. मादी लाखो पिल्लं रक्तात सोडते. ती दिवसा दडून बसतात आणि रात्री, डासांच्या वेळेला, अंगभर फिरतात. रक्त घेणारी माणसं रात्रीच का येतात, ते यावरून समजावं.

आता विचाराल, इतकी वर्षं आपलं शरीर त्याला मारत का नाही? शरीरात राखणदार पेशी आहेत. पण चोर कसा खळ्यावरच्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकतो, तशीच युक्ती हा जंत करतो. तो अंगातून अतिसूक्ष्म पुड्या सोडतो. एका केसाच्या जाडीत अशा पाच-सातशे पुड्या ओळीनं मावतील! अमेरिकेतल्या आयोवा इथल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवलं, की जंताच्या अळ्या पुड्या सोडतात आणि राखणदार पेशी त्या गिळतात. पुडीत जणू चिठ्ठ्या असतात, पेशीनं काय करावं हे सांगणाऱ्या. पुढं २०२१ साली दिसलं, की पिल्लांच्या पुड्यांनी माणसाच्या राखणदार पेशींची एक महत्त्वाची कळ ढिली पडते. हे प्रयोग हत्तीरोगाच्याच पण दुसऱ्या जातीच्या जंतावर झाले. तो जंत केरळात सापडतो. आपल्याकडचा त्याचा भाऊबंदच.

आणि ही वाट आपल्या जिल्ह्यालाही नवी नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लं काचपात्रात जगवली, त्यांचा स्राव गोळा केला आणि त्यावरून रोग ओळखायची तपासणी बसवली. पुड्या जातात त्या अशाच स्रावात.

२०१८ साली प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट आढळली. आयव्हरमेक्टिन दिलं की जंताच्या पुड्या कमी होतात. हे औषध तुमच्या ओळखीचं. जनावरांच्या जंतांवर, गोचिडांवर टोचतात तेच. देशात काही जिल्ह्यांत ते हत्तीरोगाच्या गोळ्यांत दिलं जातं. पण गोठ्यातली बाटली माणसासाठी मुळीच वापरू नका.

गोळ्या जेवून, आशाताईंच्या समोरच घ्या. दोन वर्षांखालच्या मुलांना, गरोदर बायांना आणि फार आजारी माणसाला देऊ नयेत. घेतल्यावर ताप आला, डोकं दुखलं, तर बहुधा अंगातली पिल्लं मरत असतात. एक-दोन दिवसांत उतरतं. न उतरल्यास आरोग्य केंद्रात दाखवा.

पाय सुजला असेल तर रोज साबणानं धुवा, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करा आणि बसताना पाय उंच ठेवा. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया होते, लाज धरू नका. हा डास घाण पाण्यात वाढतो. संडासाच्या टाकीच्या वाफेच्या नळीला आजच जाळी बांधा.