पलंग तो, खाट ती



पुलंच्या ‘गणगोत’मधले बेळगावचे रावसाहेब आठवतात ना? कानडी वळणाचं मराठी, त्यात लिंगांची मनसोक्त उलथापालथ. आपण पोट धरधरून हसतो. पण म्हैसूरला येऊन कन्नड शिकायला बसलं, की हसणारे बदलतात.

कन्नडात पुरुष पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी आणि उरलेल्या सगळ्या वस्तू नपुंसकलिंगी. संपला हिशेब. आता कन्नड माणसाला आपलं मराठी समजावून सांगा. निजायची वस्तू एकच, पण पलंग तो, खाट ती आणि बाजलं ते. का? मला तरी सांगता येत नाही. रावसाहेब आपल्या व्याकरणाशी इमानदार होते, एवढंच. उलट कन्नडातला ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ यांतला फरक मराठी कानाला लागत नाही, आणि देवराज मार्केटातल्या भाजीवालीची करमणूक होते.

पाठ्यपुस्तकात मात्र कुणी हसत नाही. तिथे सगळे जन्मभर स्टेशनचा रस्ता विचारत असतात. म्हणून शिकणाऱ्यानं लवकरात लवकर टी. पी. कैलासम यांना गाठावं. जन्म १८८४चा, घरची भाषा तमिळ, लंडनला भूगर्भशास्त्र शिकून आले आणि नाटकं लिहिली कन्नडात. जुन्या म्हैसूर संस्थानातली इंग्रजी शिकलेली घरं जी खिचडी बोलत, तीच त्यांनी रंगभूमीवर वाढली: इंग्रजी शब्द, कन्नड प्रत्यय. नवशिक्याला त्यातलं इंग्रजी तेवढं कळतं, आणि नेमकी त्याचीच थट्टा चाललेली असते!

म्हैसूर गावातच यादवगिरीला आर. के. नारायण राहत. घरात तमिळ, रस्त्यावर कन्नड, कागदावर इंग्रजी. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ १९३५चं. म्हैसूरचे हे दोन विनोदकार, आणि दोघांचीही लिहायची भाषा घरची नव्हे. मला हा योगायोग वाटत नाही. घरच्या भाषेचा विक्षिप्तपणा आपल्या अंगवळणी पडलेला असतो. बाहेरून आलेल्याला तो पहिल्या दिवशी ऐकू येतो. पुलंचंच बघा ना. बेळगावात प्राध्यापकी करताना कानडी कानावर पडत होतं, आणि पन्नाशीच्या घरात ते बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले.

कैलासम आपली नाटकं तोंडी सांगत, लिहून घेणारे दुसरेच असत. तेव्हा ती मोठ्यानं वाचा, आणि शेजारी एखादा म्हैसूरकर बसवा. तो वाक्याच्या मध्येच हसेल. तुम्ही क्रियापदापर्यंत पोचलात की हसा.