जखमेला ऊब हवी, शेक नको

 

आपल्या भिवंडीत गोदामं किती! हमाल वरून पडतो, कंबरेखालचं अंग लुळं होतं. कुणाच्या घरी म्हातारा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळतो. मग माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर कातडी लाल होते, काळी पडते, फुटते. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबलं जातं, तिथं रक्त पोचत नाही. पाण्याची नळी पायाखाली दाबावी, तसं. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. हे पहिलं औषध.

गेल्या थंडीत मी एका घरी गेले. सूनबाई तव्यावर मीठ तापवून, पुरचुंडी करून सासऱ्यांची जखम शेकत होती. माया होती हो तिची!

मी म्हटलं, "अगं, चटका बसतो का, विचारलंस?"

"मामंजी काही बोलत नाहीत, ताई."

बोलतील कसे? लुळ्या अंगाला बऱ्याचदा चटका कळतच नाही. जखमेच्या कडेला फोड आले होते.

मग ऊब वाईट का? छे! ऊब तर लागतेच. आपलं अंग ३७ अंशांचं. उघडी जखम त्याहून गार पडते. गार पडली की शिरा आकसतात, रक्त कमी येतं, जखम भरायची थांबते. १९९०च्या दशकात अमेरिकेत एक पट्टी निघाली. ती जखमेला न टेकता वरून ३८ अंशांची ऊब देई. काहींच्या जखमा तिनं लवकर भरल्या. पाहा, ३८च! चुलीवरची पुरचुंडी किती तापली, कोण मोजणार?

ती पट्टी आपल्याकडं नाही, नसू दे. अंगातली ऊब घालवू नका, म्हणजे झालं. पाणी उकळा, एका लिटरला दीड चहाचा चमचा मीठ घाला, कोमट होऊ द्या. मनगटावर ओतून पाहा. सगळं सामान आधी मांडा, पंखा बंद करा, मगच पट्टी सोडा. धुऊन लगेच झाका. "भरली का?" म्हणून सारखी उघडून बघू नका. लाल जागा चोळू नका. डाळ, अंडं, दूध, जे जमेल ते खाऊ घाला.

ताप आला, घाण वास सुटला, मांस काळं पडलं, तर घरी थांबू नका. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे, तिथं न्या.

सूनबाईनं विचारलं, "रात्री कूस कोण बदलणार? हे तर रातपाळीला मागावर." मग शेजारची जाऊ आणि ती, दोघींनी वेळा वाटून घेतल्या. भिंतीवर कोळशानं लिहिलं : १०, १२, २, ४. आकडे ती आपल्याच वर्गात शिकली. आता नवरा पहाटे घरी आला की आधी भिंत बघतो आणि ६ची पाळी स्वतः घेतो.