यादीतली तेरावी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजक म्हणाले, "अमेरिकेत काय करतेस ते सांग." कोडिंगबद्दल ऐकायला तुम्ही इथवर आला नाहीत, म्हणून छंदाबद्दल बोलते. मी आणि माझा मुलगा दरवर्षी अमेरिकन फुटबॉलमधल्या कॉलेजच्या पोरांना गुण देतो.

तिथे एप्रिलच्या सुमारास 'ड्राफ्ट' असतो. व्यावसायिक लीगचे ३२ संघ सात फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू निवडतात. आम्ही फक्त वाइड रिसीव्हर बघतो. म्हणजे कडेने सुटणारा आणि लांबून फेकलेला चेंडू झेलणारा गडी. त्याआधी इंडियानापोलिसला चाचण्या होतात. त्यात सगळ्यांचे डोळे ४० यार्डांच्या, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरच्या धावेवर.

२०१७ साली जॉन रॉस ती ४.२२ सेकंदांत धावला. तेव्हाचा विक्रम! आमच्या एक्सेलमध्ये तो वरती. कूपर कपला लागले ४.६२, शिवाय त्याचं ईस्टर्न वॉशिंग्टन हे खालच्या गटात खेळणारं कॉलेज. अकरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आई, पण त्याने ६,४६४ यार्ड काढलेत." मी म्हटलं, समोरचे संघ कच्चे होते रे.

रॉस नववा निवडला गेला, कप ६९वा. रॉसला पहिल्या हंगामात एकही झेल मिळाला नाही. त्याला दुखापतींनी छळलं, हेही सांगायला हवं. कपने २०२१च्या हंगामात १४५ झेल घेत १,९४७ यार्ड काढले आणि सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

माझं काय चुकलं, ते खो-खो खेळलेल्यांना लगेच कळेल. हुलकावणी! रिसीव्हर दहा यार्ड जिवाच्या आकांताने पळतो आणि गपकन वळतो. बचाव करणारा दोन पावलं पुढे जातो, तेवढ्यात चेंडू येतो. हे घड्याळात कुठून दिसणार?

मग मी वेगाचे गुण कापले. संघाच्या एकूण यार्डांत पोराचा वाटा किती, तो किती लहान वयात चमकला, याला वजन दिलं. २०१९ला आला डी. के. मेटकाफ. धाव ४.३३, पण वळण्याच्या चाचणीत अगदीच मंद, कॉलेजात मानेची दुखापत. आम्ही त्याला तळाला टाकलं. सिॲटलने त्याला ६४वा घेतला आणि २०२०मध्ये त्याने १,३०३ यार्ड काढले. मुलगा अजून चिडवतो.

आता हे सगळं इथे का सांगते? आठवीत खो-खोच्या संघनिवडीसाठी बाईंनी स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं होतं. वहीत नीट आकडे लिहिणारी म्हणून. मी सगळ्यांना शंभर मीटर पळवलं आणि पहिल्या बारा जणींची नावं दिली. तेरावी होती ती, मधल्या सुट्टीत जिला कुणालाच शिवता यायचं नाही. बाईंनी विचारलंसुद्धा, "अगं, हिला नको का?" मी वही पुढे केली. तालुक्याला आपण पहिल्याच सामन्यात हरलो. ती कुंपणाबाहेर उभी राहून ओरडून ओरडून आपल्याला प्रोत्साहन देत होती.

कप हुलकावणी देताना दिसला की मला ती आठवते. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेत नाही, लाजेल. पण जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारची जागा मी तिच्यासाठी धरून ठेवली आहे.