रस्त्यावरील नवे दिवे

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील दिव्यांची वळणदार रांग मलबार हिलवरून पाहणारास सोन्याच्या कंठ्यासारखी दिसे. म्हणूनच ती 'राणीचा कंठा' या नांवानें प्रसिद्धि पावली. २०१५ सालच्या आरंभीं तेथील सोडियमचे पिवळे दिवे उतरवून पांढरेशुभ्र एलईडी दिवे चढविण्यांत आले, आणि नगरांत एकच ओरड उठली. सोन्याच्या कंठ्याची चांदी झाली, ही लोकांची तक्रार! पुढें तेथें पिवळसर छटेचे एलईडी दिवे लागले. या वादांत सौंदर्यदृष्टि किती आणि राजकारण किती, हा प्रश्न निराळा. परंतु गांवच्या दिवाबत्तीचा विचार विजेच्या बिलापाशींच संपत नाहीं, एवढें त्यावरून दिसून आलें.

तथापि बिल ही क्षुल्लक बाब नव्हे. रस्ता झाडणें एखाद्या दिवशीं राहिलें तर नगरपालिकेचें निभावतें. रात्र मात्र रोज होते. सोडियमच्या दिव्यांत बाष्प तापून चोहोंकडे प्रकाश फेंकतें, व त्यांतील बराचसा भाग दिव्याच्या कोंदणांत आणि आकाशांत वायां जातो. एलईडी म्हणजे अर्धवाहकाचा एक बारीक कण. त्यांतून वीज वाहूं लागली कीं इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालीं उतरतात आणि उतरतांना सुटलेली शक्ति प्रकाशरूपानें बाहेर पडते. हा प्रकाश मुख्यतः समोरच्या बाजूस जातो. भिंगाच्या योगानें तो नेमका रस्त्यावर पसरतां येतो. त्यामुळें पुष्कळदां निम्म्या विजेंत तेंच काम भागतें. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस नगरानें २००९ पासून सुमारें १,४०,००० दिवे बदलले, तेव्हां बचत शेंकडा ६० हून अधिक झाली. भारत सरकारची योजना ५ जानेवारी २०१५ रोजीं सुरू झाली व तिच्याखालीं एक कोटीहून अधिक दिवे बसले.

आणखी एक लाभ बिलांत दिसत नाहीं. सोडियमच्या प्रकाशांत तांबडें, निळें, हिरवें सारेंच मळकट पिंगट दिसतें. अपघात करून पळालेली मोटार कोणत्या रंगाची होती, हें डोळ्यांदेखत पाहणाराही सांगूं शकत नसे. शिकवणीहून उशिरां परतणाऱ्या मुलीला समोरून येणारा मनुष्य ओळखीचा कीं अनोळखी, हें दहा पावलें आधीं कळणें, याची किंमत कोणत्या युनिटांत मांडावयाची?

हा दिवा पांढरा होण्यास मात्र फार वाट पाहावी लागली. निक होलोन्याक यांनीं तांबडा दिवा १९६२ सालीं लावून दाखविला. निळा कांहीं केल्या साधेना, आणि निळ्यावांचून पांढरा होईना. जपानांत जन्मलेल्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनीं तो साधला, व त्याबद्दल २०१४ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. आजचा पांढरा एलईडी म्हणजे निळ्या कणावर चढविलेला पिवळ्या स्फुरकाचा लेप होय.

त्यांतच दोषाचेंही मूळ आहे. निळा अंश अधिक असला कीं झोंप आणणाऱ्या मेलाटोनिन या स्रावास तो दडपतो. अमेरिकन वैद्यक संघानें २०१६ सालीं इशारा दिला कीं, रस्त्याच्या दिव्यांची छटा ३००० केल्विनच्या वर जाऊं देऊं नये. हा आंकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस गांवानें तर २०१४ मध्यें ४००० केल्विनचे नवे दिवे नागरिकांच्या तक्रारींमुळें काढून २७०० चे लावले, आणि खर्च दुहेरी सोसला. नगरपालिकेचें टेंडर वॅट विचारतें, किंमत विचारतें. केल्विनचा आंकडा विचारतें कीं नाहीं, हें सभासदांनीं एकदां पाहावें. हमीची मुदतही पाहावी. कारण कण ५०,००० तास, म्हणजे रोजच्या रात्रीच्या हिशेबानें अकरा-बारा वर्षें, टिकला तरी त्याला वीज पुरविणारें यंत्र उष्णतेनें व दाबाच्या चढउतारानें त्याआधींच बिघडतें. स्वस्त दिवा येथें महाग पडतो.

दिव्याचें तोंड कोणीकडे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. ज्यांच्या शयनगृहाच्या खिडकीसमोर खांब उभा आहे, त्यांना याविषयीं अधिक सांगावयास नको. नागपूरजवळील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें भारतांतील पहिलें 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठीं तेथील सिल्लारी, खापा इत्यादि गांवांतले रस्त्यांवरील दिवे बंद केले नाहींत. त्यांच्या जागीं जमिनीकडे तोंड असलेले दिवे बसविले. गांवकऱ्यांना पायाखालची वाट दिसते, आणि मान वर केली कीं तारेही दिसतात.