पाखरांची मराठी नावे
(हीरक महोत्सवानिमित्त मानेसर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



मानेसर ज्या गुरुग्राम जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात सुलतानपूरचा तलाव आहे. २०२१ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे काळ्या देहाचा, पांढऱ्या कपाळाचा एक जलपक्षी थव्याने उतरतो. इंग्रजीत तो ‘कूट’. मराठीत त्याचे नाव ‘वारकरी’. त्या एका नावासरशी या परमुलखातील पाण्यावर पंढरीची आठवण तरंगू लागते. अशी नावे जन्मभर वेचणाऱ्या मारुती चितमपल्ली यांचे स्मरण आजच्या प्रसंगी उचित ठरेल.

चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात झाला. घरची भाषा तेलुगू. लेखणीची भाषा मात्र मराठी. कोइमतूर येथे वनशिक्षण घेऊन ते वनखात्यात रुजू झाले. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची कर्मभूमी. सालिम अली पक्षिशास्त्र शिकण्यासाठी १९२९ साली बर्लिनला एर्विन स्ट्रेसेमान यांच्याकडे गेले होते. चितमपल्लींना गुरू भेटले ते रानातच. नवेगावबांधचे माधवराव पाटील, आदिवासी, कोळी यांच्याकडून ते पक्ष्यांची नावे आणि सवयी शिकले. जोडीला त्यांनी परंपरागत पद्धतीने संस्कृतचे अध्ययन केले. जर्मन भाषाही अभ्यासली.

या व्यासंगातून ‘पक्षीकोश’ सिद्ध झाला. जेथे शब्द नव्हता, तेथे त्यांनी तो घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रातवा’, ‘चकवाचांदण’ या ग्रंथांनी मराठी वाचकाला अरण्याची वाट दाखवली. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच त्यांनी देह ठेवला.

पालकहो, महाराष्ट्रापासून दूर वाढणाऱ्या मुलांची मराठी पुष्कळदा स्वयंपाकघरापुरती आणि सणावारापुरती उरते. घराबाहेरच्या जगाला ती परक्या भाषेत हाक मारतात. दुसरी मातृभाषा असलेल्या एका माणसाने मराठीला आकाश, पाणी आणि झाडी यांचे शब्द दिले. ज्यांना ती घरातच लाभली, त्यांनी ते शब्द हरवू देऊ नयेत. येत्या हिवाळ्यात मुलांना सुलतानपूरला अवश्य न्यावे आणि तलावाकाठी त्यांना ओळख करून द्यावी : हा चक्रवाक, हा शेकाट्या, हा थापट्या आणि तो पाहा, आपला वारकरी.