मनुष्यबळाची मोजणी कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या भागात मोठे मालवाहतूक केंद्र, म्हणजे आज ज्याला सर्वत्र लॉजिस्टिक्स पार्क म्हणतात ते, उभारावयाचे ठरले की प्रथम जमिनीची मोजणी होते. मग रस्ता, लोहमार्ग, पाणी आणि वीज यांची उपलब्धता तपासली जाते. त्याच यादीत एक कलम असते : स्थानिक मनुष्यबळ. माणसाला एकदा पाणी-विजेच्या पंक्तीला बसवले की त्याची मोजणीही त्याच रीतीने होते. प्रकल्पाभोवती २०-३० किलोमीटरचे वर्तुळ काढावयाचे, त्यातील गावांची लोकसंख्या जनगणनेतून घ्यावयाची, १५ ते ५९ वयोगटाचे प्रमाण लावावयाचे, शेजारी प्रचलित मजुरीचा दर लिहावयाचा आणि ‘मुबलक व स्वस्त मनुष्यबळ उपलब्ध’ असा शेरा मारावयाचा, अशी ही सर्वसाधारण पद्धत आहे. या शेऱ्यात काय गृहीत धरलेले असते आणि त्याची किंमत कोणाला द्यावी लागते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

उदाहरण म्हणून जालन्याचा विचार करणे उपयुक्त ठरेल. जालन्याच्या ड्रायपोर्टची कोनशिला २०१५ च्या डिसेंबरात बसवली गेली. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराने मराठवाड्यात आपले अंतर्देशीय ठाणे उभारावे, अशी ती योजना होती. २०२२ साली तिचे रूपांतर रेल्वे व रस्ता यांना जोडणाऱ्या लॉजिस्टिक्स पार्कमध्ये करण्याचा करार झाला. एका बाजूस सिकंदराबाद-मनमाड लोहमार्ग, दुसऱ्या बाजूस ७०१ किलोमीटरचा आणि २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण लांबीने खुला झालेला समृद्धी महामार्ग, शहरात लोखंडी सळयांचे कारखाने आणि १९६० च्या दशकापासून वाढलेला बियाण्यांचा धंदा, असे हे स्थान आहे. राज्य शासनाने २०२४ साली लॉजिस्टिक्स धोरण मंजूर केले तेव्हा राज्यभर सुमारे ५ लाख रोजगारांचा हिशेब मांडला होता. यांपैकी जालन्याच्या वाट्याला किती आणि कोणते काम येणार, हा प्रश्न साहजिकच विचारला पाहिजे.

प्रथम आकड्यांकडे पाहू. अशा अहवालांना गावपातळीवरील आधार म्हणून आजवर २०११ ची जनगणनाच घ्यावी लागली आहे. तिची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या दिवसांत झाली. फेब्रुवारी हा ऊसतोडणीचा ऐन हंगाम. जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून, तसेच शेजारच्या बीड जिल्ह्यातून, दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कोयत्याच्या जोड्या बाहेर पडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. जनगणनेचा नियम असा की गणनेच्या संपूर्ण काळात जो जेथे राहत असेल तेथेच तो मोजला जावा. म्हणजे ज्या कुटुंबांपाशी श्रमाखेरीज काहीच नाही, तीच कुटुंबे आपल्या गावच्या यादीतून गळण्याचा संभव सर्वांत अधिक. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख ठरवली गेली आहे. ती धरली तरी हंगाम तोच राहतो.

दुसरा आधार श्रमशक्ती सर्वेक्षणाचा. २०२५ च्या जानेवारीपासून त्याच्या नमुन्याची रचना जिल्हा हे एकक धरून केली गेली आहे, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु त्यातून तालुक्याचे चित्र मिळत नाही. शिवाय त्याच्या साप्ताहिक व्याख्येनुसार आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही कामावर असलेला ठरतो. घरच्या शेतात बिनमजुरीने राबणारी सून, मोसंबीच्या बागेत चार दिवस गेलेला मजूर आणि कारखान्यातला कायम कामगार हे तिघेही एका रकान्यात येतात. प्रा. मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० सालीच सांगून ठेवले होते की भारतातील श्रमशक्ती इतक्या भिन्न प्रकारची आहे की तिची बेकारी एका आकड्यात बसवणे निरर्थक आहे. जे बेकारीचे, तेच उपलब्धतेचे. पाच दशकांनंतरही वर्तुळातली माणसे एका आकड्यात बसवली जातात, याचे कारण अज्ञान नव्हे. जमीन आणि सवलती मागताना असा एकच मोठा आकडा सोयीचा असतो, हे त्याचे कारण आहे.

आता वर्षाच्या चक्राकडे वळू. गोदामांतील कामाचा जोर दसरा-दिवाळीच्या आसपास चढतो, कारण बाजारपेठेची खरेदी तेव्हाच असते. सोयाबीनची मळणी आणि कापसाची वेचणी त्याच दिवसांतली. मुकादम जोड्या गोळा करतो तोही त्याच दिवसांत. उलट चैत्र-वैशाखात, जेव्हा शिवारात काम नसते आणि ऊसतोड मजूर परत आलेले असतात, तेव्हा गोदामात माणसे कमी लागतात. वार्षिक सरासरी काढली तर मागणी आणि पुरवठा यांचा मेळ सुरेख दिसतो, पण प्रत्यक्षात महिन्यामहिन्याचा मेळ बसत नाही. तो बसवण्याचे दोनच मार्ग आहेत. एक, गोदामाने मजुराला वर्षभराच्या उपजीविकेची हमी द्यावी, म्हणजे तो उचल घेणार नाही. दुसरा, हंगामापुरती माणसे कंत्राटदाराकडून आणावीत आणि हंगाम सरला की सोडून द्यावीत. कोणतेही बंधन नसेल तर भांडवल कोणता मार्ग निवडते, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

येथेच ‘उपलब्ध’ या शब्दाची फोड करणे आवश्यक आहे. श्रमिक हा विहिरीतल्या पाण्यासारखा मोजून ठेवता येत नाही. तो कोणत्या मजुरीला, किती तासांसाठी, घरापासून किती अंतरावर आणि किती काळाच्या शाश्वतीवर उपलब्ध आहे, हे सांगितल्याविना त्या शब्दाला अर्थ नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. उसाच्या फडात जोडीचा हिशेब एकच असल्याने बाईच्या श्रमाची वेगळी नोंद होत नाही, आणि गावात विचारले तर ती ‘घरकाम’ म्हणून लिहिली जाते. तीच बाई माल निवडणे, बांधणी करणे, चिठ्ठ्या लावणे, यंत्रावर नोंद घेणे ही कामे थोड्या शिक्षणाने उत्तम करू शकेल. मात्र पहाटेच्या पाळीला गावातून बस हवी, मुलासाठी पाळणाघर हवे, स्वच्छतागृह हवे आणि मजुरी तिच्या स्वतःच्या नावे हवी. या गोष्टी दिल्या तर मनुष्यबळ दुप्पट होते, न दिल्यास अहवालातला आकडा कागदावर राहतो.

तो कागदावर राहिला की दुसरा अंक सुरू होतो. जमीन घेताना ज्या जनतेचे वर्णन मुबलक मनुष्यबळ असे केले गेले, तीच जनता भरतीच्या वेळी अकुशल ठरते. फोर्कलिफ्ट चालवणारा येथे मिळत नाही, संगणकावर साठ्याची नोंद ठेवणारा मिळत नाही, सीमाशुल्काची कागदपत्रे जाणणारा मिळत नाही, अशी तक्रार होते आणि कंत्राटदार दूरच्या प्रांतांतून माणसे आणतो. ही कौशल्ये दुर्मीळ खचितच नाहीत. काही महिन्यांच्या शिक्षणाचा तो प्रश्न आहे. कोनशिलेपासून दहा वर्षांहून अधिक काळ लोटतो, तेवढ्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून कितीतरी तुकड्या बाहेर पडू शकतात. ज्याने मोजणी केली त्याच्यावर शिकवण्याची जबाबदारी टाकलेली नसते, हे खरे दुखणे आहे.

बाहेरून येणाऱ्या श्रमिकाविरुद्ध रोष धरणे हा यावरचा उपाय नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मराठवाड्याचा मजूर स्वतःच पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात परका म्हणून राबतो. आणि जालन्याला तर एक दिवस कधीही विसरता येणार नाही. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ श्रमिक मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशचे होते आणि जालन्यातील पोलाद उद्योगात कामाला होते. टाळेबंदीत ते चालत घरी निघाले होते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांची नोंद व्हावी, त्यांना प्रवासभत्ता मिळावा, असे सांगणारा १९७९ चा कायदा त्या दिवशीही अस्तित्वात होता. ज्यांना कारखान्यासाठी ‘उपलब्ध’ म्हणून आणले होते, ते संकटाच्या वेळी कोणाच्याच पटावर नव्हते. स्थानिक मजूर हंगामापुरता आणि परप्रांतीय मजूर नोंदीविना, असे दोघेही स्वस्त राहावेत यातच कंत्राटदाराचा लाभ असतो. म्हणून या दोघांचा लढा एकच आहे.

प्रचलित संरक्षण कितपत पुरेसे आहे? उद्योगांत पर्यवेक्षकीय श्रेणीत किमान ५० टक्के आणि इतर श्रेणींसह किमान ८० टक्के स्थानिक असावेत, असा शासननिर्णय २००८ साली निघाला. परंतु त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असलेला. त्यामुळे बदनापूरच्या तरुणाला त्यातून विशेष हक्क मिळत नाही. खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांची सक्ती करणारा हरियाणाचा कायदा उच्च न्यायालयाने २०२३ साली रद्द ठरवला, त्यामुळे सक्तीच्या टक्केवारीवर सारी भिस्त ठेवणेही शहाणपणाचे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींसाठी कामगारसंख्येची मर्यादा २० वरून ५० वर नेली आहे. एका पार्कमधले काम अनेक लहान कंत्राटदारांत वाटले की पुष्कळांना त्या तरतुदींबाहेर राहता येईल.

उरणचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. जमिनीचा मोबदला सुधारला, रोजगाराची शाश्वती मात्र त्यातून आली नाही. १९८९ साली सुरू झालेल्या त्या बंदरात १९९९ पासून खासगी टर्मिनल आले आणि २०२२ साली बंदराने स्वतःकडचे अखेरचे कंटेनर टर्मिनलही खासगी चालकाकडे सोपवले. बंदर स्वतः मालक म्हणून थोडी माणसे नेमते, बाकीचे काम टर्मिनलचालक आणि त्यांचे कंत्राटदार यांच्या हाती. याच बंदराच्या शाखेचा जालन्यात विचार करताना हा धडा आधीच गिरवला पाहिजे.

सुदैवाने महाराष्ट्रापाशी या प्रश्नाचे स्वतःचे उत्तर आहे. मुंबईच्या बाजारांत ओझी वाहणारा साताऱ्या-सांगलीकडचा हमाल १९६९ पूर्वी असाच केवळ ‘उपलब्ध’ होता. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन झाली. मालकाने मजुरी आणि त्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने मजुरीबरोबरच भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा व औषधोपचार यांची व्यवस्था करावयाची, अशी ही रचना आहे. रोज वेगळ्या मालकाचे काम करणारा मजूरही तिच्यामुळे कायम कामगाराच्या जवळ येतो. लॉजिस्टिक्स पार्कमध्ये मालक अनेक आणि काम कमीजास्त होणारे, म्हणजे नेमकी तीच परिस्थिती. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या झाल्या हे सत्य आहे आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु त्या निमित्ताने कायद्याचाच संकोच करणे योग्य नव्हे. २०२३ च्या दुरुस्ती विधेयकाला माथाडी संघटनांनी केलेला विरोध या दृष्टीने पाहिला पाहिजे.

यातून काही मागण्या ओघानेच निघतात. मनुष्यबळाची मोजणी आषाढ-श्रावणात, ऊसतोड कुटुंबे गावी असताना, ग्रामसभेच्या साक्षीने व्हावी. तीत स्त्रियांची नोंद स्वतंत्र असावी, आणि कोणत्या मजुरीला व कोणत्या सोयींवर काम पत्कराल हे प्रत्येकास विचारले जावे. पार्कमध्ये येणाऱ्या प्रत्येक उद्योगाने भूखंड मिळण्यापूर्वी कोणती कामे, किती माणसे, कोणते महिने, कोणते वेतन, कायम की कंत्राटी, हे लेखी जाहीर करावे. या दोन याद्या शेजारी ठेवून जी तूट दिसेल तिच्यासाठी दोन वर्षे आधी प्रशिक्षण सुरू व्हावे आणि त्याचा खर्च करारात लिहिला जावा. ओझ्याचे सर्व काम माथाडी मंडळामार्फत चालावे. आणि दरवर्षी कंत्राटदारांसह साऱ्यांचा हजेरीपट ग्रामसभेपुढे यावा.

हे अव्यवहार्य आहे असे कोणी म्हणेल. परंतु याच राज्याने रोजगार हमी योजना आणली आणि १९७७ च्या कायद्याने काम मागणाऱ्या मजुराच्या अर्जालाच हक्काचा दर्जा दिला. त्या योजनेत मजूर स्वतः आपली गणना करून देत असे आणि त्या गणनेला उत्तर देणे शासनावर बंधनकारक होते. लॉजिस्टिक्स पार्कच्या मोजणीलाही हेच बंधन हवे. जालना, बदनापूर, अंबड येथील कार्यकर्त्यांनी उद्योगांच्या अहवालाची वाट न पाहता येत्या पावसाळ्यात आपापल्या गावांत ही नोंद सुरू करावी. करार होण्यापूर्वी ती यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर असेल, तरच ‘उपलब्ध’ ठरवल्या गेलेल्या माणसांना त्या करारात काही म्हणता येईल.